जुलैत बूट वाळवायचे कसे: डिचोलीच्या लाल चिखलातला अनुभव

बुटांना चिखल लागला तर आधी तो पूर्ण वाळू द्यावा, मग सुक्या ब्रशने झटकावा, असं सगळे सांगतात. घाटावर ते बरोबरच आहे. पुण्याला माझ्या बहिणीकडे पावसाळ्यातही दुपारचं थोडं ऊन मिळालं की चिखलाच्या खपल्या आपोआप सुटतात. आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात जुलैमध्ये हा उपाय चालत नाही. आषाढाची झड लागली की आठवडाभर सूर्य दिसत नाही, दोरीवरचा पंचा दोन-दोन दिवस दमट राहतो, तिथे बुटावरचा चिखल काय वाळणार? वाट बघत बसलं तर तिसऱ्या दिवशी चिखल तसाच मऊ असतो आणि बुटाच्या आत बुरशी धरलेली असते. इथे चिखल ओला असतानाच काढायचा आणि सगळी मेहनत वाळवण्यावर घालायची, हे मी आता ठामपणे सांगते.

मी तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. शाळेच्या फुटबॉल संघाचे बूट सांभाळायचं काम मी मागून घेतलं. आमच्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांना स्वतःचे बूट घेणं परवडत नाही. बरी जोडी घ्यायची तर हजार-दीड हजार रुपये जातात आणि वाढत्या वयातला पाय वर्षभरात त्यातून बाहेर येतो. म्हणून संघाची बुटांची एक सामायिक पेटी आहे. काही जोड्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या, काही पालकांनी मुलाचा पाय वाढल्यावर आणून ठेवलेल्या, थोड्या वर्गणीतून घेतलेल्या. एक जोडी नीट राखली तर तीन मुलांच्या पायांत जाते. राखली नाही तर एकाच पावसाळ्यात सोल सुटतो, आणि पुढच्या जूनमध्ये एखादी मुलगी सरावाला यायची थांबते, कारण तिच्या मापाचा बूट उरलेला नसतो. हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे बूट धुणं हे किरकोळ काम आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

गोव्यात शालेय फुटबॉल ऐन पावसात खेळला जातो. सुब्रोतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेचे सामनेही पावसातच होतात. मैदान म्हणजे बहुतेक ठिकाणी शेताच्या कडेचा सपाट तुकडा. दहा मिनिटांत गोलासमोरची जागा घोट्यापर्यंत रुतायला लागते आणि अर्धा वेळ होईपर्यंत दोन्ही संघ एकाच रंगाचे दिसतात. मुलं आनंदात असतात. बुटांची खरी परीक्षा शिट्टी वाजल्यानंतर सुरू होते, आणि माझ्या अनुभवाने पहिल्या तासात जे होतं त्यावर बुटाचं आयुष्य ठरतं.

मैदानावर न्यायची माझी पिशवी साधी आहे. बांबूच्या चार-पाच कामट्या, झाडूतून काढलेले माडाचे हीर, नायलॉनचा जाड ब्रश, जुने टूथब्रश, रबरी हातमोजे, फाटक्या पंचांचे तुकडे आणि रद्दी. सामना संपला की मुलं बूट काढतात आणि आधी कामटीने सोलवरचा चिखल खरवडतात. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर मी वापरू देत नाही, कारण स्टडच्या, म्हणजे सोलखालच्या खुंट्यांच्या, मुळाशी सोल पातळ असतो आणि लोखंडी टोकाने तिथे चीर पडते. स्टडच्या फटीत आणि नाडीच्या भोकांत अडकलेली माती हिराने निघते. एवढं झालं की शाळेच्या किंवा देवळाच्या पागोळ्यांखाली बूट उलटे धरायचे. पत्र्यावरून पडणारी पाण्याची धार सोल धुवायला पुरते, नळाची वाट बघावी लागत नाही. जवळ व्हाळ, म्हणजे ओढा, असेल तर मुलांचा मोर्चा तिकडे वळतो, पण मोठ्या पावसात व्हाळाचं पाणी गढूळ असतं आणि त्याला ओढही असते. मी मुलांना तिकडे जाऊ देत नाही.

बूट पाण्यात बुडवू नका, असंही सगळीकडे सांगतात. इथे तो सल्ला थोडा बदलावा लागतो. आमच्या मैदानावरून आलेला बूट आतून-बाहेरून चिंब असतोच. आत गढूळ पाणी शिरलेलं असेल तर ते तसंच वाळू देणं जास्त वाईट, कारण पाणी उडून जातं आणि बारीक माती अस्तरात राहते. मग पुढच्या सामन्यात तीच माती टाच सोलते आणि अस्तरही कातरते. आतला सुटा सोल काढायचा, नाड्या काढायच्या, आत स्वच्छ पाणी ओतून हलवायचं, ओतून द्यायचं, आणखी एकदा तसंच करायचं, बस्स. बादलीत रात्रभर भिजत घालणं मात्र मला अजिबात मान्य नाही. सोल आणि वरचा भाग गोंदाने जोडलेले असतात आणि तो सांधा जितका वेळ पाण्यात राहील तितका सैल होतो. वॉशिंग मशीनमध्येही बूट घालू नयेत. नाड्या आणि आतले सोल जाळीच्या पिशवीतून घातले तर चालतात.

घरी आणल्यावर वरचा भाग घासायचा. त्याला भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब अर्ध्या बादली पाण्यात पुरतात. कपड्यांची पावडर मी टाळते. ती जास्त अल्कधर्मी असते, जाळीदार कापडातून पूर्ण निघत नाही आणि वाळल्यावर पिवळे डाग सोडते. कृत्रिम चामड्याच्या भागाला ओला पंचा पुरतो. जाळीवर टूथब्रश हलक्या हाताने गोल फिरवायचा, जोर लावला तर धागे उसवतात. सोलच्या रबरी कडेला मात्र नारळाच्या सोडणाचा तुकडा उत्तम. त्यातला काथ्या रबराला ओरखडा न काढता माती उचलतो, आणि सोडणांना आमच्याकडे काय तोटा!

एवढं करूनही लाल डाग राहतातच. त्यामागचं कारण कळल्यावर माझं काम फार सोपं झालं. आपल्याकडची माती जांभ्याची आहे. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि मागे लोहाची व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. मातीचा लाल रंग त्या लोहाचा आहे. डिचोली, सत्तरी, सांगे हा तर खनिज लोहाच्या खाणींचा पट्टा. इथला चिखल वाळला की मैद्यासारखा बारीक होतो आणि धाग्याच्या आत जाऊन बसतो. म्हणजे पांढऱ्या बुटावर शेवटी जो तांबूस रंग उरतो तो बराचसा गंजाच्याच जातीचा असतो. साबण तेल आणि धूळ काढतो, गंज काढत नाही.

आणि ब्लीच तर मुळीच नको. एका पालकांनी मुलीचे पांढरे बूट चकाचक व्हावेत म्हणून घरी ब्लीच लावलं होतं. डाग गेले नाहीतच, उलट गडद पिवळट-तपकिरी होऊन बसले. क्लोरीनचं ब्लीच लोहाचं ऑक्साइड विरघळवत नाही. पाण्यात थोडं विरघळलेलं लोह असेल तर तेही ते गंजाच्या रूपात धाग्यावर पक्कं करतं. ती मुलगी ते बूट टेबलाखाली लपवून बसायची. मला फार वाईट वाटलं, आणि लोहाच्या डागाला काय लागतं ते शोधायचंच असं मी ठरवलं.

लागतं ते आम्ल, आणि तेही सौम्य. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून सायट्रिक अ‍ॅसिडचे पांढरे खडे मिळतात. एक चमचा खडे पेलाभर कोमट पाण्यात विरघळवायचे. बूट आधी साध्या पाण्याने ओला करायचा, मग फडक्याने हे पाणी डागावर टिपून दहा मिनिटं ठेवायचं, टूथब्रशने हलकेच घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. सायट्रिक अ‍ॅसिड लोहाला धरून पाण्यात आणतं, म्हणून डाग फिका होतो. एका वेळेत पूर्ण जाईलच असं नाही, पुन्हा लावावं लागतं. रंगीत बूट असेल तर आधी बुटाच्या जिभेच्या, म्हणजे नाडीखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला लावून रंग जातो का ते पाहते. त्या मुलीचे बूट शेवटी अगदी नव्यासारखे झाले नाहीत, पण ती ते घालून खेळली.

इथे एक गोष्ट घराघरात माहीत असायला हवी. ज्या बुटाला ब्लीच लागलेलं आहे त्यावर लिंबूफूल, लिंबू, व्हिनेगर असलं काहीही लावू नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो विषारी आहे. न्हाणीघरासारख्या बंद जागेत तर हा प्रकार जिवावर बेतू शकतो. त्या मुलीच्या बुटांतलं ब्लीच आम्ही आधी पुन्हा पुन्हा धुऊन काढलं, ते पूर्ण वाळवले, आणि मगच उघड्या पडवीत लिंबूफुलाला हात लावला.

आता वाळवण्याकडे येते. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ती दिवसचे दिवस नव्वदच्या आसपास असते. अशा हवेत नुसता बूट खिडकीत ठेवून काही होत नाही. आधी बुटातलं पाणी ओढून काढावं लागतं. कोरडा पंचा आत कोंबून हाताने दाबायचा, पिळायचं नाही. मग रद्दी. आमच्याकडे 'नवप्रभा' येतो, शेजारून 'तरुण भारत' मिळतो. साधा वर्तमानपत्री कागद पाणी चांगलं शोषतो, पुरवण्यांचा गुळगुळीत कागद शोषत नाही. कागदाचे सैल बोळे पुढच्या टोकापर्यंत भरायचे. बहुतेक जण इथेच थांबतात आणि सकाळी बोळा काढतात. रात्रभर आत राहिलेला भिजका कागद बुटाला ओलच देत राहतो. पहिला बोळा अर्ध्या तासात ओलाचिंब होतो, तो तेव्हाच बदलायचा. नंतर झोपेपर्यंत दर दोन तासांनी. झोपताना कागद काढून बूट मोकळे ठेवायचे, जीभ पुढे ओढून, टाच वर करून, आणि पंखा त्यांच्या तोंडाकडे वळवून. स्टँडचा पंखा जमिनीलगत ठेवला तर छतावरच्या पंख्यापेक्षा खूप चांगला चालतो, कारण वारा थेट आत शिरतो. वीज गेली की पुन्हा कागदावर यावं लागतं.

पांढऱ्या बुटांना मी बाहेरूनही साधा पांढरा टिश्यू पेपर गुंडाळते. पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि जाताना आतला उरलेला साबण आणि मातीचा अंश वर आणून सोडतं. तो कापडावर राहिला तर कडेने पिवळी रेघ उमटते. कागद गुंडाळला असेल तर तो कागदावर उतरतो. सकाळी कागद काढल्यावर ती पिवळी रेघ कागदावर दिसली की मला मनापासून आनंद होतो.

बूट वाळला हे ओळखायचं कसं? "टीचर, बूट सुकूंक नात!" असं मुलं रोज सकाळी सांगायची आणि हाताला तर ते सुके लागायचे. पुढचं टोक सगळ्यात शेवटी वाळतं, आणि तिथे बोटं घालून बघितलं तर गारवा लागतो. ती ओल असते. पण आमच्या हवेत सगळंच गार लागतं. शेवटी मी स्वयंपाकघरातला काटा शाळेत आणला. उन्हाळ्यात, पेटी पूर्ण कोरडी असताना, प्रत्येक बुटाचं वजन करून ते जिभेच्या मागे पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवलं. कोरडा बूट २३० ग्रॅमचा असेल तर चिंब होऊन आल्यावर तो साडेतीनशेच्या आसपास भरतो. पुन्हा २३५ वर आला की बूट पायात घालायला योग्य. त्याआधी द्यायचा नाही. सातवीतल्या मुली आता स्वतः वजन करून वहीत मांडतात, किती तासांत किती ग्रॅम पाणी गेलं याचा आलेखही काढतात. सुरुवातीला रेघ झपाट्याने खाली येते आणि शेवटचे वीस ग्रॅम जायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे त्यांनीच मला दाखवलं. बहुतेक घरांत बूट त्या शेवटच्या वीस ग्रॅमांसकट कपाटात जातो आणि तिथे कुजतो.

लवकर वाळावा म्हणून चुलीच्या वर, गॅसजवळ, हेअर ड्रायरखाली बूट धरायचा मोह फार होतो. दुसऱ्या दिवशी सामना असला की पालकही तसं सुचवतात. उष्णतेने गोंद मऊ होतो, सोलमधला हलका फोम आकसतो, आणि एकदा आकसलेला फोम परत पूर्ववत होत नाही. पाऊस उघडला तर आतले सोल आणि नाड्या मी खुशाल उन्हात घालते. बूट मात्र सावलीतच, वाऱ्यावर.

वास येत असेल तर पूर्ण वाळलेल्या बुटात चमचाभर खाण्याचा सोडा रात्रभर ठेवून सकाळी झटकते. ओल्या बुटात सोडा घालण्यात अर्थ नाही, त्याचा चिकट गोळा होतो.

वासापेक्षा मला काळजी पायांची. ओल्या बुटांनी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते, भेगा जातात, आणि सामायिक बुटांतून ती बुरशी एकाची दुसऱ्याला लागते. म्हणून मोजे ज्याचे त्याचे, बूट देताना पूर्ण कोरडे, आणि ज्याच्या पायाला चिखल्या आहेत त्याची जोडी बरं होईपर्यंत वेगळी. दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून आणि पाण्यातून हा ताप येतो, जंतू कातडीवरच्या जखमेतून शिरतात, आणि गोव्यात पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. ज्याच्या हाताला खरचटलेलं आहे तो बूट धुवायला बसत नाही. बाकीचे हातमोजे घालूनच बसतात आणि नंतर साबणाने हातपाय धुतात. चिखलात खेळल्यानंतरच्या काही दिवसांत एखाद्याला ताप आला, अंग मोडून आलं, तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा, हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

सोलची एक खबरदारी आम्ही हंगामाआधीच घेतो. नवी जोडी आली की ती डिचोलीच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे जाते आणि ते मेण लावलेल्या जाड नायलॉन दोऱ्याने सोल सभोवार शिवून देतात. टाक्यांच्या भोकांतून थोडं पाणी आत येतं, हे खरं. पण आमच्या मैदानावर पाणी वरूनही येतंच, आणि गोंद सुटला तरी शिवलेला सोल जागेवर राहतो. काकांची अट एकच, बूट पूर्ण कोरडा आणायचा. ओल्या सांध्यात सोल्युशन धरत नाही आणि ओल्या बुटात घातलेला टाका बूट वाळल्यावर सैल पडतो. वजनाची वही त्यांनाही पटली. आता ते आधी जिभेमागचा आकडा बघतात.

गणेश चवथीच्या सुट्टीत पेटी बंद असते, आणि बुरशीला तेवढे दिवस पुरतात. सुट्टीआधी प्रत्येक बूट वजनावर आलेला आहे ना ते बघते आणि पेटीचं झाकण काढून वर नुसतं सुती कापड घालते. प्लॅस्टिकच्या पिशव्या मुळीच वापरत नाही. आत जराशी जरी ओल राहिली तरी ती तिथेच कोंडते. सुट्टीनंतर एखाद्या बुटावर बुरशी दिसलीच तर तो बाहेर अंगणात नेऊन, तोंडाला कापड बांधून, ब्रशने झटकते, पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसते आणि पुन्हा वाळवते. झटकायचं काम वर्गात करू नये, बुरशीची पूड श्वासातून आत जाते.

न वापरता वर्षानुवर्षं ठेवलेल्या चांगल्या बुटांचं काय होतं, तेही सांगायला हवं. एका माजी विद्यार्थ्याने जपून ठेवलेली महागाची जोडी आम्हाला दिली. दिसायला नवी होती. पहिल्याच सरावात सोलचा भुगा होऊन पडला. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेतल्या पाण्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होऊन आतून मोडत जातो, डब्यात ठेवला तरी. त्या मुलाला फार वाईट वाटलं, कारण त्याने ती जोडी प्रेमाने राखली होती. तेव्हापासून मी माजी विद्यार्थ्यांना सांगते की बूट लहान व्हायला लागले की लगेच द्या, आठवण म्हणून ठेवू नका. दिवाळीनंतर पेटीतली प्रत्येक जोडी महिन्यातून एकदा तरी कोणाच्या तरी पायात घालून मैदानावर फिरवून आणतो. मापाप्रमाणे याद्या करतो, जिभेमागे फिके झालेले आकडे पुन्हा गिरवतो. ज्या मापाचे बूट कमी पडणार आहेत त्या मापासाठी जानेवारीतच वर्गणी काढतो, म्हणजे जूनच्या आत ते काकांकडून शिवून तयार असतात.